वाचकांचे प्रश्न : नेमक्या मापावर थांबणारा फुगा

गेल्या महिन्याच्या सदरात मी ओघात लिहून गेलो होतो की, हृदयाच्या रक्तवाहिनीत जाणारा फुगा जत्रेतल्या फुग्याचा कोणीही लागत नाही. त्या एका वाक्यावर नागपूर आणि परिसरातून इतकी पत्रे आली की, या वेळचे संपूर्ण सदर मी त्याच विषयाला देत आहे. मी डॉक्टर नाही. बलून कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली शरीरात सरकवायची बारीक नळी, तयार करणाऱ्या कारखान्यांत, फुगे घडवण्याच्या विभागात २२ वर्षे काम करून आता नागपुरात स्थायिक झालेला अभियंता आहे. त्यामुळे हे साधन कसे घडते आणि कसे वागते एवढेच मी अधिकाराने सांगू शकतो. कोणत्या रुग्णावर कोणता उपचार करावा, हे कृपया आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

प्रश्न : माझ्या वडिलांची नुकतीच अँजिओप्लास्टी (हृदयाची अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद करण्याचा उपचार) झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘फुगा टाकला का?’ असे विचारतो आणि आम्ही ‘हो’ म्हणतो. पण तो फुगा अजून आत आहे की काढला, हे आम्हालाच नीट माहीत नाही. कॅथ लॅबच्या (हा उपचार जिथे करतात त्या खोलीच्या) दाराशी उभा असताना आतून ‘अठरा अ‍ॅटमॉस्फिअर’ असे शब्द कानावर पडले. एवढ्या दाबाने फुगा आतच फुटला असता तर काय झाले असते? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : फुगा बाहेर काढलेला आहे, निश्चिंत असा. आत राहिला असेल तो स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळीची नळी. गोंधळ होतो याचे कारण असे की, बहुतेक स्टेंट फुग्यावरच आवळून बसवलेले असतात. फुगा फुगला की जाळी उघडते आणि धमनीच्या भिंतीत रुतून बसते; मग फुग्यातील द्रव ओढून घेतात, तो चपटा होतो आणि ज्या वाटेने आला त्याच वाटेने, बहुधा मनगटाच्या धमनीतून, बाहेर येतो. धमनीच्या आत त्याचा फुगलेला मुक्काम काही सेकंदांचा असतो, कारण तेवढा वेळ पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबलेला असतो.

आता अठरा अ‍ॅटमॉस्फिअरविषयी. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक अ‍ॅटमॉस्फिअर जास्त दाब असतो. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन असतो. म्हणजे आपण ऐकलेला दाब चाकातल्या दाबाच्या आठपट होता. मात्र तो सगळा दाब वडिलांच्या धमनीवर पडला नाही, हे लक्षात घ्यावे. उपचाराचा फुगा ठरलेल्या व्यासापर्यंत फुगतो आणि तिथे ताठ होऊन थांबतो. त्यानंतर वाढवलेल्या दाबाचा बराचसा भार त्याची स्वतःची भिंत पेलते. धमनीतला कठीण थर जिथे आडवा येत असतो, तिथेच तो जोर कामी येतो. हे थांबणे हाच या साधनाचा प्राण आहे, आणि ते साधायला वैद्यकाला बरीच वर्षे लागली.

अमेरिकेत थॉमस फोगार्टी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रक्ताच्या गाठी ओढून काढण्यासाठी फुग्याचा कॅथेटर तयार केला. पहिला नमुना त्यांनी शस्त्रक्रियेच्या हातमोज्याच्या करंगळीचा तुकडा कापून नळीच्या टोकाला बांधून केला होता. गाठ ओढायला असा मऊ रबरी फुगा उत्तम, पण कठीण थराने अरुंद झालेली जागा रुंद करायला तो निरुपयोगी. मऊ फुगा जिथे विरोध असतो तिथे दबतो आणि मोकळ्या जागी दोन्ही बाजूंना फुगत जातो. त्याचा डमरू होतो. अडथळा तसाच राहतो आणि निरोगी भाग मात्र ताणला जातो. झ्युरिकमध्ये काम करणाऱ्या आंद्रेआस ग्रुंट्झिग या जर्मन डॉक्टरांनी ही अडचण ओळखली. स्वतःच्या घरातील स्वयंपाकघराच्या टेबलावर प्रयोग करत त्यांनी पीव्हीसीचा असा फुगा घडवला की, तो ठरलेल्या व्यासाच्या दंडगोलापलीकडे जाईना. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिक येथे त्यांनी ३८ वर्षांच्या, पूर्ण शुद्धीवर असलेल्या एका रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत तो फुगवला, आणि १० वर्षांनी तपासणी केली तेव्हाही ती जागा उघडी होती.

राहिला फुटण्याचा प्रश्न. ती शक्यता गृहीत धरूनच हे साधन बनवलेले असते. पहिली गोष्ट म्हणजे फुग्यात हवा भरत नाहीत. क्ष-किरणांत दिसणारे औषध आणि सलाइन यांचे मिश्रण, बहुधा निम्मे-निम्मे, भरतात. हवा भरली असती आणि फुगा फुटला असता, तर तिचा बुडबुडा धमनीत अडकून रक्त रोखले गेले असते. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे त्यात स्फोटाची ताकद साठून राहत नाही. शिवाय ३ मिलिमीटर व्यासाच्या आणि १५ मिलिमीटर लांबीच्या फुग्यात मावणारे मिश्रण भरते ०.१ मिलिलिटर, म्हणजे दोनेक थेंब. दुसरी गोष्ट फुटण्याच्या दिशेची. कोणत्याही दंडगोलात दाब वाढला की, घेराच्या दिशेने पडणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणूनच जास्त दाबाने तडकणारा पाण्याचा पाइप लांबीत चिरतो. फुगाही तसाच लांबीत चिरावा, अशीच त्याची घडण ठेवतात. तसा चिरलेला फुगा मिटून सहज मागे येतो. घेराभोवती आडवा फाटला तर मात्र पुढचा तुकडा वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारखा पसरतो आणि काढताना अडकू शकतो. आमच्या विभागात नवा फुगा आला की तो किती दाबाला फुटला हे विचारण्याआधी आम्ही चीर कोणत्या दिशेला गेली ते पाहत असू.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बलूनची भिंत केसापेक्षा पातळ असते असे वाचले. इतके पातळ प्लास्टिक एवढा दाब कसे सोसते, आणि ते घडवतात कसे? (एक विद्यार्थी, हिंगणा रोड)

उत्तर : तुम्ही मेकॅनिकलचे आहात, तेव्हा आधी गणित मांडू. फुग्याचा व्यास ३ मिलिमीटर, भिंत २० मायक्रॉन आणि दाब १८ अ‍ॅटमॉस्फिअर, म्हणजे सुमारे १.८२ मेगापास्कल, असे धरा. दाब गुणिले व्यास, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट, हे पातळ दंडगोलाचे सूत्र तुम्हाला पाठ असेल. त्यानुसार घेरातला ताण सुमारे १३७ मेगापास्कल येतो. नायलॉन १२ या फुग्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकची साध्या अवस्थेतली ताकद साधारण ५० मेगापास्कलच्या आसपास असते. म्हणजे गणिताने हा फुगा फुटायलाच हवा. तो फुटत नाही, कारण फुगा घडवताना ते प्लास्टिक साधे राहतच नाही.

वर्धा-सेवाग्रामच्या परिसरात कोणी चरख्यावर सूत काढताना पाहिले असेल तर हे लगेच समजेल. कापसाचा पेळू दोन बोटांनी ओढला तर सहज तुटतो. त्याच पेळूतले तंतू ओढून, एका दिशेला लावून, पीळ दिला की त्यांचे सूत होते आणि ते हाताला कापेल इतके टिकते. नायलॉनमधल्या लांब साखळ्याही पेळूतल्या तंतूंसारख्या अस्ताव्यस्त पडलेल्या असतात. योग्य तापमानाला त्यांना लांबीच्या आणि घेराच्या अशा दोन्ही दिशांनी ताणले की त्या ओळीने लागतात आणि थंड झाल्यावर तशाच राहतात. साध्या प्लास्टिकच्या कितीतरी पट ताकद येते ती इथून. आणि ज्या साखळ्या आधीच ताणून घेतलेल्या आहेत त्या पुढे फारशा ताणल्या जात नाहीत, म्हणून फुगा ठरलेल्या मापावर थांबतो. ताकद आणि थांबणे ही दोन्ही एकाच क्रियेतून येतात.

ही क्रिया अशी चालते. प्रथम नायलॉनचे दाणे कोरडे करून, वितळवून, एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्याच्या तोंडातून दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रातून, बारीक नळी काढतात. वर धरलेल्या फुग्यासाठी तिचा बाहेरचा व्यास ०.९५ आणि आतला ०.५ मिलिमीटर असावा, असे समजा. आतल्या कडेला ०.५ पासून ३ पर्यंत, म्हणजे सहापट ताण घेराच्या दिशेने बसतो. नळीचे आणि फुग्याचे छेद-क्षेत्रफळ काढून भागाकार केलात तर लांबीच्या दिशेने सुमारे पावणेतीनपट ताण आला, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. नळीचे दोन्ही बाजूंचे भाग आधी ओढून बारीक करून घेतात, म्हणजे फुग्याचे मधले पोट आणि टोकांचे शंकू यांच्या वाट्याला योग्य तेवढेच प्लास्टिक येते. मग ती नळी काचेच्या किंवा धातूच्या साच्यात ठेवून, नायलॉनच्या वितळबिंदूच्या, म्हणजे सुमारे १७८ अंशांच्या, बऱ्याच खाली तापवतात आणि आतून वायूचा दाब देत दोन्ही टोके ओढतात. काचेच्या साच्यात हे डोळ्यांनी दिसते. पहिले काही क्षण काहीच घडत नाही. मग नळीच्या मध्यावर एक गाठ उमटते आणि पापणी लवते न लवते तोच ती दोन्हीकडे धावत जाऊन साचा भरून टाकते. त्यानंतर दाब तसाच ठेवून फुगा थंड करायचा असतो. दाब आधी सोडला तर तो आकसतो.

यात बिघडण्यासारखे खूप आहे आणि बहुतेक बिघाड फुग्यात नव्हे तर नळीत जन्माला येतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील एक अनुभव सांगतो. एका पावसाळ्यात आमच्या कारखान्यात फुग्यांचा एक लॉट चाचणीत ठरलेल्या दाबाच्या बराच आधी फुटू लागला. साचे तपासले, तापमापक तपासले, यंत्रावरचा कामगार बदलून पाहिला. शेवटी फुटलेले फुगे सूक्ष्मदर्शकाखाली ओळीने लावले तेव्हा प्रत्येक चीर एका लांबट, तांदळाच्या कणीसारख्या बुडबुड्यापासून सुरू झालेली दिसली. दाणे वाळवणाऱ्या ड्रायरमधला ओलावा शोषणारा पदार्थ वेळेवर बदलला गेला नव्हता. दमट दाणे एक्स्ट्रूडरमध्ये गेले, त्यातल्या ओलाव्याची वाफ झाली आणि नळीच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी पोकळी राहिली. तीच पुढे ताणली जाऊन फुग्यात लांब झाली. संपूर्ण लॉट नष्ट केला. त्या दिवसापासून मी नळीची नोंदवही पाहिल्याशिवाय फुग्याच्या यंत्राला हात लावला नाही.

वेष्टनावर छापलेल्या कमाल दाबाबद्दलही थोडे सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात ते सहसा भेटत नाही. तो आकडा म्हणजे फुगे सरासरी ज्या दाबाला फुटतात तो नव्हे. त्या दाबापर्यंत १००० पैकी ९९९ फुगे टिकतात, हे ९५ टक्के खात्रीने दाखवता आले पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. एकेक फुगा ‘टिकला’ किंवा ‘फुटला’ अशी नुसती मोजणी करून हे सिद्ध करायचे तर एकही न फुटता जवळपास ३००० फुगे तपासावे लागतील. म्हणून ३७ अंशांच्या पाण्यात काही फुगे प्रत्यक्ष फुटेपर्यंत फुगवतात आणि सरासरीतून त्यांच्या विखुरण्याचा, म्हणजे प्रमाण विचलनाचा, ठरावीक पट वजा करतात. ३० फुगे घेतले तर तो पट सुमारे ४ येतो. समजा दोन कारखान्यांच्या फुग्यांची सरासरी सारखीच, २४ अ‍ॅटमॉस्फिअर आहे. पण पहिल्याचे विचलन १ आहे आणि दुसऱ्याचे २. पहिला कारखाना २० चा दावा करू शकतो, दुसऱ्याला १६ वर थांबावे लागते. दुसऱ्याचे फुगे सरासरीने कुठेही कमी नाहीत. त्याच्याकडे सातत्य कमी आहे, आणि डॉक्टरला टेबलावर नेमके तेच हवे असते.

पुढची कामे थोडक्यात. नळीच्या टोकाला लेझरने वितळवून फुगा जोडतात. तो क्ष-किरणांत कुठे आहे हे कळावे म्हणून आतल्या नळीवर प्लॅटिनम-इरिडियमची इवलीशी कडी बसवतात. जिच्यावरून कॅथेटर सरकत जातो ती गाइडवायर जेमतेम ०.३६ मिलिमीटर जाड असते. मग घडी. ३ मिलिमीटरच्या फुग्याचा घेर ९ मिलिमीटरहून जास्त भरतो. तो सगळा १ मिलिमीटरपेक्षा बारीक नळीभोवती मावला पाहिजे. त्यासाठी फुग्याच्या सहसा तीन निऱ्या करून त्या एकाच दिशेने, मिटलेल्या छत्रीच्या कापडासारख्या, गुंडाळतात आणि वरून बारीक म्यान चढवून मंद उष्णता देतात, म्हणजे फुग्याला त्या निऱ्यांची सवय लागते. नऊवारीच्या निऱ्या चापून बसवणाऱ्या हातांना जे सुचते तेच इथे यंत्र करते, फक्त भिंगाखाली. शेवटी सीलबंद वेष्टनात इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुकीकरण होते.

प्रश्न : आमच्या प्रशिक्षणात बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी कंडोम आणि कॅथेटर वापरून फुगा तयार करायला शिकवले. आपण ज्या फुग्याविषयी लिहिता तो इतका काटेकोर, आणि हा आमचा दोऱ्याने बांधलेला. यावर विश्वास ठेवावा का? (एक परिचारिका, काटोल)

उत्तर : ताई, जरूर ठेवावा, आणि ज्या मर्यादेत शिकवला आहे त्या मर्यादेतच ठेवावा. ही पद्धत बांगलादेशातील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सायेबा अख्तर यांनी या शतकाच्या सुरुवातीला ढाक्यात रूढ केली. महागडे आयात फुगे परवडत नव्हते आणि माता डोळ्यांदेखत जात होत्या, तेव्हा हाताशी असलेल्या दोन वस्तूंतून त्यांनी उपाय काढला. कॅथेटरच्या टोकावर कंडोम दोऱ्याने घट्ट बांधून तो गर्भाशयात ठेवतात आणि साधारण २५० ते ५०० मिलिलिटर सलाइन सोडतात. रक्तस्राव थांबला की सलाइन सोडणे थांबवतात.

तुमच्या प्रश्नातला विरोधाभास मला फार मोलाचा वाटतो, कारण फुग्याची रचना नेहमी कामावरून ठरते हे त्यातून दिसते. धमनीच्या फुग्याने स्वतःचा आकार सोडायचा नसतो. तुमच्या फुग्याने मात्र स्वतःचा आकार धरायचाच नसतो. सैल पडलेल्या गर्भाशयाच्या पोकळीचा जो आकार असेल तो त्याने घ्यायचा आणि सगळ्या बाजूंनी सारखा, हलका दाब द्यायचा. ताठ नायलॉनचा फुगा तिथे कुचकामी ठरेल. पातळ, पुष्कळ ताणला जाणारा लेटेक्सच हवा. तुमच्या साधनाची दुबळी जागा ही त्याची भिंत नसून दोऱ्याची गाठ आहे. गाठ सैल पडली तर सलाइन झिरपते आणि फुगा बसला आहे असे वाटत असतानाच दाब उतरतो. बांधल्यावर आत ठेवण्यापूर्वी थोडे सलाइन भरून गाठीपाशी थेंब दिसतो का ते पाहावे, आणि दोरा इतकाही आवळू नये की कॅथेटरचीच वाट बंद होईल. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांनी न थांबणाऱ्या रक्तस्रावात अशा फुग्याची शिफारस केली आहे, पण शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय गरज पडताच मिळेल अशा ठिकाणी. म्हणजे काटोलमध्ये फुगा बसवताना नागपूरची गाडी आणि पुढच्या रुग्णालयाला फोन हीही त्याच उपचाराची अंगे आहेत.

मऊ आणि ताठ यांच्या मधला एक फुगाही आहे. संधिवाताच्या तापाने हृदयाची मिट्रल झडप चिकटते तेव्हा ती उघडण्यासाठी तो वापरतात. आपल्याकडे हा आजार गरीब घरांतल्या तरुण स्त्रियांमध्ये अजूनही आढळतो. जपानी शल्यविशारद कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात तो सिद्ध केला. लेटेक्सच्या दोन थरांमध्ये पॉलिस्टरची विणलेली जाळी घालून त्याचे भाग वेगवेगळ्या प्रमाणात ताणले जातील असे केलेले असतात. त्यामुळे आधी पुढचे टोक फुगते, मग मागचे आणि शेवटी कंबर. आधीच्या दोन टप्प्यांत तो झडपेत आपोआप अडकून बसतो आणि तिसऱ्या टप्प्यात झडप उघडतो. रक्तवाहिनीत जो डमरू आम्हाला नको असतो, तोच इथे मुद्दाम घडवलेला असतो.

प्रश्न : मी कॅथ लॅबमध्ये काम करते. पूर्वी ज्या ठिकाणी होते तिथे वापरलेला बलून धुऊन, गॅसने निर्जंतुक करून दुसऱ्या रुग्णाला वापरल्याचे मी पाहिले. ‘तो काही फुटलेला नाही, मग फेकायचा कशाला?’ असे सांगितले जाई. यात खरोखर काय बिघडते? (एक परिचारिका, नागपूर)

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. न फुटलेला फुगा नव्यासारखाच असतो हा समज चुकीचा आहे, आणि घडवणारा म्हणून त्याची कारणे मी सांगू शकतो.

वर वर्णिलेली निऱ्यांची घडी कारखान्यात एकदाच, उष्णता देऊन बसवलेली असते. एकदा फुगून रिकामा झालेला फुगा पुन्हा तसा गुंडाळला जात नाही. त्याचे पंख बाहेर राहतात. हाताने गुंडाळला तरी त्याची जाडी वाढते आणि अरुंद जागेतून तो जात नाही किंवा खरडत जातो. दुसरे, उच्च दाबाने भिंत थोडी तरी कायमची ताणली गेलेली असते आणि कठीण, चुन्यासारख्या थरावर घासून तिच्यावर ओरखडे आलेले असतात. तपासणीत असा एक ओरखडा दिसला तरी आम्ही नवा फुगा बाद करत असू. वेष्टनावरचा दाबाचा आकडा ज्या फुग्यांवर सिद्ध केला ते सर्व कोरे होते. वापरलेल्या फुग्याला तो आकडा लागूच होत नाही. तिसरे आणि सर्वांत गंभीर कारण म्हणजे आतली वाट. गाइडवायर जिथून जाते ती नळी अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असते. तिच्यात सुकलेले रक्त कोणत्याही ब्रशने निघत नाही. गॅसमुळे जंतू मेले तरी त्यांचे विषारी अवशेष आणि दुसऱ्याच्या रक्तातील प्रथिने तिथेच राहतात, आणि वाळलेल्या रक्ताच्या आड गॅस नीट पोहोचेलच असेही नाही. निसरडेपणासाठी दिलेला वरचा लेपही निघून गेलेला असतो.

वेष्टनावर वर्तुळात २ चा आकडा आणि त्यावर तिरपी रेघ असे चिन्ह असते. त्याचा अर्थ ‘पुन्हा वापरू नये’ असा आहे. रुग्णाच्या कागदपत्रांत बलूनचे लॉट क्रमांकाचे स्टिकर चिकटवले जाते की नाही हे आपण पाहू शकता, आणि नातेवाइकांनी ते मागितले तर त्यांनाही दाखवू शकता. एक स्टिकर दोन रुग्णांच्या कागदांवर लागू शकत नाही. कोणत्याही वैद्यकीय साधनामुळे अपाय झाला किंवा होता होता टळला, तर त्याची नोंद करण्यासाठी ‘मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया’ हा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ पासून सुरू आहे. त्याचे काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालते आणि परिचारिकाही तिथे थेट नोंद करू शकतात.

प्रश्न : आम्ही रुग्णालयांना कॅथेटर पुरवतो. मे महिन्यात गाडीतून माल नेताना उष्णतेने काही बिघडते का? (एक औषध व्यावसायिक, गांधीबाग)

उत्तर : बिघडू शकते. बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत तापमान त्याहून कितीतरी जास्त चढते. ज्या साखळ्या ताणून बसवल्या आहेत त्या उष्णता मिळाली की मूळच्या अस्ताव्यस्त अवस्थेकडे परतू पाहतात. फुगा किंचित आकसतो, घडी सैल पडते आणि वेष्टनाच्या जोडावरही ताण येतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, हीच खरी पंचाईत आहे. खोक्यावर छापलेली तापमानाची मर्यादा गोदामापुरती नसून वाटेतल्या प्रत्येक तासाला लागू असते. माल सकाळी लवकर हलवावा, गाडी उन्हात उभी करून जेवायला जाऊ नये आणि खोक्यांसोबत तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवावे.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझा प्लास्टिक मोल्डिंगचा लहान कारखाना आहे. बलून कॅथेटर नागपुरात बनवता येईल का? (एक उद्योजक)

उत्तर : येईल, पण सुरुवात हृदयाच्या फुग्यापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वैद्यकीय साधनांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यात साधनांचे जोखमीनुसार ए ते डी असे चार गट आहेत. ए आणि बी गटांतील साधनांच्या उत्पादनाचा परवाना राज्याकडून मिळतो, तर सी आणि डी गटांसाठी केंद्राकडे जावे लागते. हृदयाच्या धमनीत जाणारा फुगा जोखमीच्या वरच्या टोकाला येतो. त्याला लागणारी स्वच्छ खोली, शरीराशी सुसंगततेच्या चाचण्या आणि गुणवत्ता-व्यवस्थेची कागदपत्रे यांचा पसारा पहिल्याच उडीत पेलणारा नाही.

तुमची खरी ताकद साचा आणि प्लास्टिक यांची जाण ही आहे. आधी बारीक, एकसारख्या मापाची नळी काढायला शिका. ते साधले तर फुगे बनवणारे इतर कारखानेच तुमचे पहिले ग्राहक होऊ शकतात. गुजरातच्या सुरत-वापी पट्ट्यात हा उद्योग चांगला रुजलेला आहे आणि नागपूरहून तिथे माल पाठवणे अवघड नाही. मनुष्यबळाचीही आपल्याकडे वानवा नाही. १९४२ मध्ये सुरू झालेल्या लक्ष्मीनारायण संस्थेत रसायन तंत्रज्ञान, व्हीएनआयटीत यंत्र आणि पदार्थ अभियांत्रिकी शिकवली जाते, तर चंद्रपूरच्या सिपेट या केंद्रीय प्लास्टिक संस्थेत प्लास्टिक प्रक्रियेचे प्रशिक्षण मिळते. मिहानमधील एम्स आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय एवढ्या जवळ असताना, डॉक्टरांना टेबलावर नेमके काय अडते, हे तुम्हाला त्यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकता येईल.

यंत्र घेण्यापूर्वी एक काम मात्र करा. कोणाकडून तरी वैद्यकीय दर्जाची नायलॉनची नळी मिळवा, एक साधा साचा करा आणि १०० फुगे घडवा. प्रत्येक फुगा कोमट पाण्यात फुटेपर्यंत फुगवा आणि वहीत तीन रकाने ठेवा : दाब, चिरेची दिशा आणि चीर जिथून सुरू झाली ती जागा. दाबाची सरासरी काढण्याची घाई करू नका. आडव्या फाटलेल्या फुग्यांची संख्या आणि आकड्यांचे विखुरणे आधी पाहा. ती वही घेऊन आलात तर मी तुमच्यासोबत बसून ती ओळीने वाचीन.